मडमायचं माहेर

दत्ताराम पाष्टे माझ्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा तो स्वतः दिसलाच नाही. आधी कागद आला.

२००६ साल, दिवाळी नुकतीच संपलेली, रविवारची दुपार. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर समोर वर्तमानपत्रांची एक भिंत उभी. पानाला पान खळीनं चिकटवलेलं, त्यावर कोळसा घासून सगळं काळं केलेलं, आणि त्या काळ्यात पांढरी इंग्रजी अक्षरं. ती भिंत आत येऊ लागली आणि येतच राहिली. सोफ्यावरून, टीव्हीवरून, पंख्याखालून तिचं एक टोक न्हाणीघराच्या दाराशी पोचलं तेव्हा दुसरं टोक अजून खालच्या मजल्याच्या जिन्यात होतं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. तिथून खाली राहणाऱ्या मेहताबेनचा आवाज आला, "अरे भाईसाब, इलेक्शन आया क्या?"

सगळ्यात शेवटी कागद संपला आणि माणूस सुरू झाला. बारीक, उंच, पायजमा पोटरीपर्यंत दुमडलेला. टाचांना इतक्या भेगा की त्यात दहा पैशांची नाणी उभी राहावीत. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि बहुधा थोडी निराशा गिळली.

"सुभाषराव तुम्हीच ना? विमा कंपनीत इंग्रजी पत्रं लिहिता ते?"

"हो, पण..."

"मग ही बाई कुठली, ते लिहून विचारा."

"कुणाला विचारू?"

"इंग्लंडला," तो म्हणाला. जसं काही इंग्लंड म्हणजे भाईंदर पश्चिमेचं पोस्ट ऑफिस, आणि मी खिडकीशी जाऊन हाक मारायचाच काय तो अवकाश.

कागद हा एका थडग्याच्या दगडाचा ठसा होता. मी हॉलमध्ये रांगत रांगत तो वाचला. सारा टॉली. मीठ खात्यातले कैलासवासी एडवर्ड टॉली यांची विधवा. मृत्यू १८५१. खाली बायबलातली एक ओळ, तिच्यावर माझ्या सोफ्याचा पाय. दत्ताराम माझ्या डोक्यावर उभा राहून प्रत्येक शब्दाला मान हलवत होता.

"गाव लिहिलंय का?"

"नाही."

"बघा," तो म्हणाला. "म्हणजे चूक त्यांचीच."

दत्ताराम मूळचा गुहागरकडचा. एकोणिसाव्या वर्षी भाईंदरजवळच्या मुर्धा गावच्या मिठागरावर कामाला आला, पुढे मुकादम झाला. मग मिठागर बंद पडलं आणि तो कशाचाच मुकादम राहिला नाही. बायको शेवंती. मूलबाळ नाही. मालकानं खाडीच्या बांधालगत बांधून दिलेलं दोन खोल्यांचं घर मात्र राहिलं होतं. गावात पस्तीस वर्षं काढूनही गाव त्याला 'रत्नागिरीवाला' म्हणे. तोही कंटाळून ओ देई.

त्या घराची कटकट अशी होती. बांधात एक उघाडी होती, म्हणजे भरतीचं पाणी आत येऊ नये आणि पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून बसवलेलं झडपेचं दार. ती झडप कुजली होती. अमावास्या-पुनवेच्या मोठ्या भरतीला खाडी सरळ आत यायची आणि पहिलं घर लागायचं दत्तारामचं. बाकीचं गाव उंचावर. गावाचे पाय कोरडे राहायचे.

माणूस घड्याळ वापरत नसे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, या हिशेबावर त्याचं सगळं आयुष्य चाले. मला त्यानं घरी बोलावलं ते, "अष्टमीला या. त्या दिवशी पाणी मवाळ असतं. सहाला भरतं, पण घरात येत नाही," असं. मी पंचांग आणायला गेलो.

अष्टमीला गेलो. शेवंतीवहिनींनी कोरा चहा दिला. घरात जमिनीवर काहीच नव्हतं. शेगडी ओट्यावर, ट्रंका विटांवर, तांदळाचा डबा कॉटवर. भिंतीला कमरेच्या खाली रंग नव्हता, नुसत्या रेषा होत्या, एकावर एक. पाणी कुठल्या वर्षी कुठवर आलं त्याच्या.

"महिन्यातून दोनदा सगळं वर चढवायचं नि दोनदा खाली उतरवायचं," वहिनी म्हणाल्या. "आता मी खाली उतरवतच नाही, भावोजी. हात भरून येतात."

त्याच वर्षी एका सरकारी खात्याकडून नव्या उघाडीचं काम मंजूर झालं होतं. उत्तम नावाचा ज्युनिअर इंजिनिअर, चांगला मुलगा, टेप घेऊन येऊन गेला. अडचण एकच. सारा टॉलीचं थडगं नेमकं उघाडीच्या डोक्यावर होतं. दगड दहा हात बाजूला घेतल्याशिवाय पाया खणता येत नव्हता, आणि गाव दगडाला हात लावू देत नव्हतं. कारण गावाच्या लेखी ते थडगं नव्हतंच. ती मडमाय होती. लग्नाची पहिली हळद हनुमानाला लावली की दुसरी मडमायला. नवी होडी पाण्यात ढकलताना नारळ मडमायला. तिला ग्लुकोजची बिस्किटंही लागायची, ती का लागायची ते कुणालाच माहीत नव्हतं. मेमसाहेब असल्यामुळे असावं.

गावाच्या बाजूनं बोलायची सरूबाई. वय ऐंशी, पाठ वाकलेली, आवाज मात्र सरळ. तिनं उत्तमला आणि दत्तारामला उभं करून सांगितलं होतं, "बाईचे अंगावचा शेवटचा लुगरा माहेरचा लागतो. हिला तो आलाच न्हाय. म्हनून ती हितं बसलेली हाय. माहेरचा लुगरा आना, चार बायांचे समोर तिला नेसवा, मग उठंल ती. तवर कोनी हात लावाचा न्हाय."

रीत खरीच आहे. आपल्याकडे बाई गेली की माहेरून लुगडं येतं, मग पुढचं सगळं. ते दीडशे वर्षं यायचं राहिलं होतं, एवढंच. उत्तमनं डोकं खाजवत लिहून घेतलं, 'स्थानिक धार्मिक बाब प्रलंबित', आणि बजावलं की मार्च २००९ पर्यंत काम सुरू झालं नाही तर निधी परत जाईल.

म्हणून दत्ताराम माझ्याकडे आला होता. त्याला कोरडी जमीन हवी होती आणि त्यासाठी एका मडमेचं माहेर शोधायचं होतं. इतकं सरळ.

स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत आम्ही दोघं एका स्टुलावर अर्धे अर्धे बसायला लागलो. मी इंग्लंडातल्या चर्चांना, जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या मंडळांना, आडनाव टॉली असलेल्या दिसेल त्या माणसाला इमेल धाडल्या. त्यात एक टॉली पाइपा विकणारा निघाला. त्यानं आम्हाला दरपत्रक पाठवलं. दत्तारामनं तेही छापून घेतलं. "असू दे, नातलग असेल."

चार महिने असेच गेले. मग डोरोथी पेनफोल्ड नावाच्या बाईंचं उत्तर आलं. निवृत्त शिक्षिका, सॉमरसेटकडच्या एका गावात एकट्या राहणाऱ्या, लोकांची घराणी शोधून देण्याचा छंद. पहिल्या पत्रात त्यांनी आपली मांजर, गुडघा आणि हवा यांची माहिती दिली आणि शेवटच्या ओळीत लिहिलं की टॉली घराणं त्यांच्याच भागातलं.

दत्ताराम स्टुलावरून उठला. त्यामुळे मी पडलो.

त्यानंतर दीड वर्ष डोरोथीबाई शोधत होत्या, मी भाषांतर करत होतो आणि दत्ताराम थकत होता. एकेका कागदाला तीन तीन महिने. एडवर्डचा बाप्तिस्मा सापडला. एडवर्डच्या बापाचं शेत सापडलं. एडवर्डच्या भावाचं मृत्युपत्र सापडलं, त्यात दोन घोडे आणि एक घड्याळ. प्रत्येक कागद मी मुर्ध्याला नेऊन वाचून दाखवी. दत्ताराम डोळे मिटून ऐके. कधी ऐकता ऐकता खरंच झोपून जाई. त्याच्या मागच्या भिंतीवर दर पावसाळ्याला एक रेष वाढे.

"वहिनी, तुम्हाला काय वाटतं?" मी एकदा विचारलं.

"मला वाटून काय," त्या गादीची गुंडाळी वर ढकलत म्हणाल्या. "अमावास्या परवा आहे. जरा ते टोक धरा."

२००८ च्या सप्टेंबरात पार्सल आलं. 'मृत बाईंच्या घरचं एक वस्त्र गावाला हवं आहे,' असं मी कधीचं लिहून ठेवलं होतं. डोरोथीबाईंनी टॉली घराण्याचा जिवंत वारस गाठून, त्याला समजावून, त्याच्याकडून ते मिळवलं होतं. दत्तारामनं पार्सल फोडू दिलं नाही. फोडायचं ते बांधावर, गावासमोर. चाळीस घरांतली माणसं जमली. बायका नव्या साड्या नेसून आल्या. कुणीतरी बँडवाल्यालाही विचारून ठेवलं होतं.

मी कात्रीनं पार्सल कापलं. आतून भांडी पुसायचा एक टॉवेल निघाला. पांढरा, दीड हात लांब. वर गावातल्या चर्चचं चित्र आणि खाली २००८ सालचं कॅलेंडर.

मागून एक पोरगी म्हणाली, "तीन महिनं राहिलं हाईत अजून."

सरूबाईनं टॉवेल हातात घेतला, उलटा करून पाहिला, वीण चाचपली. "बारका हाय. पन चालंल, पसरून नेसवू. धाडला कोनी?"

मी अभिमानानं छाती काढली. "एडवर्डसाहेबांच्या धाकट्या भावाच्या पणतूच्या नातवानं!"

"एडवर कोन?"

"मडमायचा नवरा."

"म्हंजे दिराकरचा." सरूबाईनं टॉवेलची व्यवस्थित घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. "सासरचा लुगरा न्हाय चालत, मास्तर."

मी मास्तर नव्हतो, पण ती वेळ दुरुस्तीची नव्हती. दगडावर तिच्या नवऱ्याचं आडनाव होतं. आम्ही दोन बाप्ये ते आडनाव धरून थेट सॉमरसेटला पोचलो होतो. बाईचं माहेर शोधायला निघालो आणि दोन वर्षं झटून तिचं सासर शोधून आणलं.

परत येताना शेवंतीवहिनी म्हणाल्या, "मी सुरुवातीलाच म्हणणार होते. माझ्या रेशनकार्डावर पाष्टे आहे, म्हणून माझं माहेर काय पाष्ट्यांकडे शोधाल? पण तुम्ही दोघं कागद पसरून बसलात की तुम्हाला ऐकू येत नाही."

दत्तारामनं नुसतं "हं" केलं. घरी पोचल्यावर तो पाय न धुता कॉटवर आडवा झाला, तांदळाच्या डब्याला टेकून. मला वाटलं, आता हा सोडून देईल. पण दुसऱ्या रविवारी तो पुन्हा माझ्या दाराशी उभा. यावेळी कागद नव्हता.

"लग्न कुठंतरी लागलंच असेल की तिचं," तो म्हणाला. "लग्नाच्या नोंदीत पोरीचं गाव असतं. आमच्याकडे भटजी विचारतात."

डोरोथीबाईंना गावानं टॉवेल नाकारल्याचं वाईट वाटलं, पण कारण त्यांना फार आवडलं. असं त्यांनी दोन पानं लिहिलं. मग त्या लग्नाच्या मागे लागल्या. २००९ च्या फेब्रुवारीत त्यांना जुन्या नोंदवहीची नक्कल मिळाली. लग्न ठाण्याला, १८२९ साली. नवरा एडवर्ड टॉली. नवरी सारा, बाप्तिस्मा लग्नाच्या आदल्या दिवशी, त्याआधीचं नाव रखमा, राहणार मुर्धा, साष्टी, बाप शेतकरी. सहीच्या जागी फुली.

मी तो कागद सायबर कॅफेतच तीन वेळा वाचला आणि रिक्षा करून मुर्ध्याला गेलो. दत्ताराम उघाडीच्या भोकात गोणपाट कोंबत होता. वाचून दाखवलं. त्यानं हातातलं गोणपाट खाली टाकलं. मग हसायला लागला, आणि हसता हसता त्याला खोकला आला, तो काही थांबेना.

"इंग्लंडात शोधतोय, सुभाषराव. आणि ही बाई आमच्या हनुमानामागची."

त्याला वाटलं, सुटलो. मलाही वाटलं. माहेर गावातच, लुगडं भाईंदरच्या बाजारात मिळतं, मार्च संपायला पाच आठवडे. उत्तमला फोन करून त्यानं जेसीबीची तारीखसुद्धा विचारली.

रविवारी हनुमानाच्या देवळात गाव बसलं. मी नोंद मराठीत वाचली. वाचता वाचताच हवा बदलली ते मला कळलं. मडमाय गोरी होती तोवर सगळ्यांची होती. आता ती इथली रखमा निघाली, साहेबाबरोबर गेलेली, धर्म बदललेली, आणि ती कुणाच्या तरी घरातली असणार होती.

"आमचे घराण्यान अशी कोनी न्हाय," गणेश नावाचा एक दांडगा गृहस्थ पहिल्यांदा म्हणाला.

"आमचे पन न्हाय."

"आमी तर मागून आलेलं."

"रायची असंल ती," कुणीतरी तोडगा काढला. राय म्हणजे शेजारचं गाव. "रायच्या बाया पयल्यापासून तशाच."

हे सगळ्यांना पटलं. चाळीस घरांनी एका मिनिटात मडमाय रायला देऊन टाकली. दत्ताराम हात जोडून म्हणत होता, "अरे, कागदावर मुर्धा आहे. कुणीही द्या. एक लुगडं फक्त. मी आणतो, तुम्ही नुसता हात लावा." त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. एरवी भांडणाला पुढे असणारी सरूबाई खांबाला टेकून गप्प बसली होती.

दुसऱ्या दिवशी शेवंतीवहिनींनी बाजारातून हिरवं नऊवारी आणलं आणि स्वतः सरूबाईकडे नेलं. सरूबाईनं त्यांना पाणी दिलं, बसवलं आणि सांगितलं, "तू रत्नांग्रीची, बाय. तुझा लुगरा कसा चालंल?"

आणि मग चार दिवसांनी, भर दुपारी, गाव जेवून पडलेलं असताना, सरूबाई काठी टेकत दत्तारामच्या घरी आली. मी तिथेच होतो; माहेर सापडलं, काम सुरू करा, असा उत्तमला द्यायचा अर्ज लिहीत होतो. तिनं दार लोटून घेतलं.

"माजी आजेसासू सांगं," ती कॉटवर बसत म्हणाली. "तिचे सासऱ्याची आत्या व्हती, रखमा. मिठागराव कामाला गेली न आलीच न्हाय. बुरून मेली म्हनून सांगलं लोकांना. तेरावा पन घातला."

दत्ताराम तिच्यासमोर जमिनीवर बसला. "म्हणजे तुमचीच."

"आमचीच."

"मग द्या की, सरूबाई! आजच द्या."

"पायलचा जमलंय," ती म्हणाली. पायल तिची नात. "एप्रिलान हलद हाय. मानसं कुठची ठाव हाय? रायची." तिनं लोटलेल्या दाराकडे पाहिलं. "देवलान त्या दिवशी काय बोलले तुमी ऐकला. आता मी उठून सांगू, रखमा आमचे घरची? रायची मानसं दारान उभी राहतील?"

"गुपचूप द्या. आम्ही कुणाला सांगत नाही."

"गुपचूप दिलेला लुगरा माहेरचा न्हाय व्हत रं. चार बायांचे समोर नेसवावा लागतो. लग्न होऊ दे. मे महिन्यान मी देतू. तुजे पाया परतू, तवर ताप नको देऊ."

मे महिन्यात निधी राहणार नव्हता. हे तिला माहीत होतं. ती बोलताना भिंतीवरच्या रेषांकडेच बघत होती.

ती गेल्यावर मी भडकलो. म्हटलं, दत्ताराम, उद्या देवळात उभा राहा आणि सांगून टाक. कागद आपल्याकडे आहे, म्हातारी स्वतः बोलली आहे, मी साक्षीला आहे. अडीच वर्षं मरमर केली ती कशासाठी? एकशे ऐंशी वर्षांपूर्वी गेलेल्या बाईवरून कुणाचं लग्न मोडत नसतं!

"मोडतं," दत्ताराम म्हणाला. "तुम्ही सोसायटीत राहता." मग वहिनींकडे वळला. "काय करू?"

"आता विचारताय?"

"आता विचारतोय."

हिरव्या लुगड्याची पिशवी खुंटीला होती, ती काढून शेवंतीवहिनींनी ट्रंकेत घातली. "पायल लहान होती तेव्हा शाळेतून परस्पर इथं यायची, भरती बघायला," त्या म्हणाल्या. "ह्या कॉटवर बसायची पाय वर घेऊन. नका सांगू."

दत्तारामनं मान हलवली. त्याला वाद घालायचा नव्हता. बहुधा तेच ऐकायचं होतं. मग म्हणाला, "सुभाषराव, तो अर्ज राहू द्या."

तीस मार्चला उत्तमचा फोन आला. "काका, काही जमलं का?" दत्ताराम म्हणाला, "नाही बाबा. माहेर लागलं नाही." उत्तमला वाईट वाटलं, त्यानं तसं सांगितलंही.

एप्रिलमध्ये पायलचं लग्न झालं. हळद रात्रभर वाजली, रायची माणसं पोटभर जेवली. मे महिन्यात सरूबाईनं बोलल्याप्रमाणे चार बायका बोलावून मडमायला लुगडं नेसवलं. निधी एकतीस मार्चलाच परत गेला होता. जूनच्या अमावास्येला पाणी कॉटच्या वर आलं. दत्ताराम आणि शेवंती नालासोपाऱ्याला भाड्याच्या खोलीत राहायला गेले. खोली चौथ्या मजल्यावर आहे आणि तिथे पाणी एक दिवसाआड येतं.